पुरुषांच्या सर्कलमध्ये काय बोललं गेलं

बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते. आमच्या घरात तशीच पद्धत आहे आणि आता ह्या वयात ती मोडून मला काही मिळणार नाही. पण लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. तेवढी मोकळीक मी कमावली आहे.

आम्ही कॅथलिक. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी आपल्याकडे नीट बघतात आणि मग म्हणतात, "पण तुमचं मराठी किती शुद्ध आहे." माझे आजोबा नगरकडचे, वडील इथे शाळामास्तर, मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका. मराठी अशुद्ध असून आम्हाला परवडलंच नसतं. लग्नानंतर आम्ही कर्वेनगरातल्या एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, शांत, कमी बोलणारा. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, प्रत्येक गोष्टीची नोंद. मला त्याचा हाच व्यवस्थितपणा आवडला होता, हे आज लिहितानाही जिवावर येतं.

तीन वर्षं झाली तरी मूल झालं नाही. सोसायटीतल्या बायका मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रेमाने बोलवायच्या. ख्रिस्ती बाईला कुंकू लावावं की नाही ह्यावर दरवर्षी त्यांची माझ्यासमोरच चर्चा व्हायची. कोणाच्या ओटीचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना एकदम चहा आठवायचा. मी वाणाची वाटी घेऊन घरी यायची आणि ती ओट्यावर आपटायची. वाट्या स्टीलच्या असायच्या म्हणून टिकल्या.

शनिवार पेठेत एक जुन्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे मी जायला लागले. दवाखान्याच्या दारावर पाटी होती, 'शंका एकदाच विचाराव्यात.' बाईंनी माझी सगळी तपासणी केली. लहानपणी मला क्षय झाला होता. सहा महिने अंथरुणात होते. त्या दुखण्याने आत काहीतरी कायमचं बिघडलं असणार, ही भीती माझ्या मनात घर करून बसली होती. बाईंनी सगळे फोटो, सगळे रिपोर्ट पाहिले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्यात मला काहीही दोष दिसत नाही. आता यजमानांना पाठवा. मूल दोघांचं असतं असं ऐकून आहे."

मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ती तपासणी आपल्यात चालत नाही."

खरं तर मला हे माहीत नव्हतं. पण खरोखरच चर्चचा तसा नियम आहे. नमुना द्यायची दवाखान्यातली जी रीत असते, ती चर्चच्या दृष्टीने पाप. तो फादरांना विचारून आला आणि त्यांनी तसंच सांगितलं म्हणाला. फादरांनी खरंच तसं सांगितलं होतं. त्या बाबतीत तो खोटं बोलला नव्हता.

मी तसंच डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी माझी फाइल मिटून पुढे सरकवली. "देवालाच अडचण असेल तर प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या. "मग मूलही तिकडेच मागा. इथे कशाला जिने चढताय?"

मला राग आला, पण तो बाईंचा. आपल्या धर्माची कोणी टिंगल केलेली मला खपत नाही. मी फाइल उचलली आणि बाहेर पडले. लक्ष्मी रोडपर्यंत मी ताठ मानेने चालत गेले, विश्वासासाठी आपण काहीतरी केलं असं वाटत होतं. माझ्या आयुष्यात माझी बाजू घेणारं ते एकच माणूस होतं आणि मी त्याच्याकडेच पाठ फिरवून आले होते.

त्यानंतर फादरांनी आम्हाला ग्रुपमध्ये यायला सांगितलं.

मूल नसलेल्या जोडप्यांचा हा ग्रुप दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमायचा. सहा-सात जोडपी असायची. ग्रुप चालवायचे एक आंटी आणि अंकल. आंटी निवृत्त नर्स, मूळच्या गोव्याच्या, पण सगळी हयात पुण्यात गेल्यामुळे मराठी फाडफाड बोलायच्या. त्यांना स्वतःला चार मुलं होती. मूल नसलेल्यांना धीर द्यायला चार मुलांची आई कशाला, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. पण चर्चमध्ये असे प्रश्न विचारायची आम्हाला सवय नसते.

मी उगाच वाईट बोलणार नाही. सुरुवातीला तिथे मला फार बरं वाटलं. बाहेरच्या जगात मी एकटीच बिनमुलाची होते आणि इथे सगळ्याच तशा होत्या. कोणी 'अजून काही नाही का' म्हणून विचारत नव्हतं. एकीला पाळी आली की बाकीच्या न सांगता ओळखायच्या आणि तिच्या हातात चहाचा कप द्यायच्या. मी पहिल्यांदा मोठ्याने रडले ते त्या हॉलमध्येच.

ग्रुपची पद्धत ठरलेली होती. आधी सगळे मिळून एक गीत. मग दोन सर्कल. बायका कॅटेकिझमच्या म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या. पुरुष बाहेर अंगणात, मारियामातेच्या पुतळ्यापुढे खुर्च्या टाकून. बायकांत आंटी, पुरुषांत अंकल. अर्धा-पाऊण तास मन मोकळं करायचं आणि त्याला एकच नियम होता, इथलं इथेच. बायकांच्या सर्कलमध्ये बोललेलं नवऱ्याला सांगायचं नाही आणि पुरुषांच्या सर्कलमधलं बायकोला. आंटी म्हणायच्या, "घरी जे बोलता येत नाही ते बोलायला ही जागा आहे. ते घरी पोचलं तर कोणी बोलणारच नाही." मला ते पटलं होतं. मला तर तो नियम म्हणजे मोठा आधार वाटायचा.

नवीन जोडपं आलं की दोन्ही सर्कलमध्ये प्रत्येकाने आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायची, नवीन माणसाचा संकोच जावा म्हणून. त्यामुळे पाच वर्षांत मी माझ्या क्षयाची गोष्ट कितीदा सांगितली असेल देव जाणे. "लहानपणी मला टीबी झाला होता, त्यामुळे..." इथपासून मी सुरुवात करायची. डॉक्टरांनी दोष नाही सांगितलंय, हेही मी सांगायची. त्यावर आंटी मान हलवून म्हणायच्या, "डॉक्टरांना सगळं दिसत नाही, बेटा." आणि मला ते खरं वाटायचं.

सर्कल संपली की सगळे पुन्हा हॉलमध्ये यायचे. मग एका जोडप्याला मधे खुर्चीवर बसवून बाकीचे भोवती उभे राहून प्रार्थना करायचे. पुरुष लांबून हात पुढे करायचे, बायका खांद्यावर, डोक्यावर हात ठेवायच्या. आंटींचा हात माझ्या पोटावर असायचा. "हे प्रभू, हिच्या कुशीला बरं कर," असं त्या म्हणायच्या आणि सगळे आमेन म्हणायचे. नवरा शेजारच्या खुर्चीवर डोळे मिटून बसलेला असायचा. त्याच्या पापण्या ओल्या असायच्या. मला वाटायचं, किती जीव आहे ह्याचा माझ्यावर.

घरी रोजचा तक्ता असायचा. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच थर्मामीटरने ताप बघायचा, अंगाची बाकीची लक्षणं बघायची आणि कागदावर भरायची. गर्भ राहण्याजोग्या दिवसांना हिरवी टिकली, बाकीच्यांना पांढरी. आंटी दर महिन्याला तक्ता तपासायच्या आणि शिक्षिकेसारखी कोपऱ्यात सही करायच्या. थर्मामीटर झटकून माझ्या हातात द्यायचं काम त्याचं. आकडा वाचून लिहायचं कामही त्याचंच. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. पाच वर्षांचे तक्ते त्याने महिन्यावारी फाइलला लावले होते, एक दिवस चुकलेला नव्हता.

ह्याखेरीज उपास होते, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या नोव्हेना होत्या. ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांत गव्हाणीत एकेका त्यागाची एकेक काडी टाकायची, त्या काड्यांवर बाळ येशूला निजवायचं. मी चहा सोडला. मग गोड सोडलं. नंतर गादी सोडून चटईवर झोपायला लागले आणि शाळेत पाठ धरली की मुलांना उभ्याने शिकवायची. माझी गव्हाणी ग्रुपमध्ये सगळ्यात भरलेली असायची. आंटी सगळ्यांना दाखवायच्या.

मूल दत्तक घ्यायचं का, असं मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "थोडं थांबू." दुसऱ्यांदा मी सर्कलमध्येच विषय काढला. आंटी म्हणाल्या, "देवाचं दार तू स्वतःच कशाला बंद करतेस? थोडा विश्वास ठेव." मी ठेवला.

पाचव्या वर्षीच्या डिसेंबरात ग्रुपचं स्नेहभोजन होतं. पुलाव करायचा ठरला आणि भाजी आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याबरोबर ग्रुपमधली सगळ्यात नवीन मुलगी आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, दोघंही आयटीत. सहा महिन्यांपूर्वीच ते ग्रुपमध्ये आले होते. मला ती आवडायची. कोणाचंही ऐकून न घेणारी आणि मनात येईल ते बोलणारी होती.

मंडईत मटार स्वस्त झाला होता. मी एका गाळ्यापुढे वाकून शेंगा चेपून बघत होते. ती पिशवी धरून उभी होती. अचानक म्हणाली, "ताई, एक बोलू? तुमचं मला खूप कौतुक वाटतं."

"कशाचं?"

"माझ्याच्याने नसतं झालं. म्हणजे प्रॉब्लेम त्यांच्यात आहे, आणि तुम्ही मधे बसून सगळ्यांसमोर पोटावर हात ठेवून घेता. आणि ते टीबीचं सांगता ना दरवेळी, त्यांचं नाव यायला नको म्हणून, तेव्हा मला ॲक्च्युअली रडू येतं. मी तर सरळ सांगून टाकलं असतं सगळ्यांना."

मी शेंगा चेपत राहिले. भाजीवाला विचारत होता, "किती देऊ, बाई?" मला दोन किलो हवा होता. मी चार म्हणाले.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज अगदी वर्गात हजेरी घेते तसाच होता, हे मला आठवतं.

"ह्याने. म्हणजे आम्ही आलो ना, तेव्हा मेन्स सर्कलमध्ये सगळ्यांनी आपापली स्टोरी सांगितली. तर तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच टेस्ट केली, काउंट झिरो आहे म्हणून. हा घरी येऊन म्हणाला, त्या ताई काय ग्रेट आहेत." मग तिच्या काहीतरी लक्षात आल्यासारखं झालं आणि तिने माझा दंड धरला. "सॉरी ताई, इथलं इथेच असतं ना. प्लीज आंटींना नका सांगू, ह्याला ओरडा बसेल."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

तिला मी काही कळू दिलं नाही. मला सगळं माहीत असल्यासारखी मी उभी राहिले, गाजरं घेतली, कोथिंबीर घेतली, भाजीवाल्याशी घासाघीस केली. मला तेव्हा दुःखही झालं नव्हतं. मला लाज वाटत होती. ह्या कालच्या पोरीला ठाऊक आहे, तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे, आणि मला नाही. त्या सगळ्या ग्रुपात नियम मोडणारा तिचा नवरा एकटाच निघाला आणि माझ्यापर्यंत खरं पोचलं ते त्याच्यामुळे.

घरी आले तेव्हा तो पेपर वाचत होता. मी मटार त्याच्यापुढे ओतला, दोन ताटल्या ठेवल्या आणि समोर बसले. रविवारी आम्ही असे मिळून मटार सोलायचो. त्याने पेपर बाजूला ठेवून सोलायला घेतलं.

"अहो, तुमची तपासणी कधी झाली होती?"

"कुठली?"

मी पुढची शेंग उचलली. तो एक शेंग हातात धरून बसला. त्याने ती सोललीही नाही आणि खालीही ठेवली नाही.

"दुसऱ्या वर्षी," तो शेवटी म्हणाला. "चिंचवडला, एका लॅबमध्ये. कारखान्यातल्या एकाने सांगितलं होतं, करून घे म्हणून."

"आणि मग मला सांगितलंत, आपल्यात चालत नाही."

"चालत नाहीच. मी केली त्याचं कन्फेशन करून आलो होतो."

हसू का रडू ते मला कळेना. केल्याचं पाप ह्याने देवाला सांगितलं होतं. लपवल्याचं पाप कोणाच्या खात्यात गेलं ते त्यालाच ठाऊक.

"मला का नाही सांगितलंत?"

"आधी भीती वाटली. तू जाशील असं वाटलं." मग तो जे बोलला ते मी कधी विसरणार नाही. "मग ग्रुपमध्ये आलो. इतके लोक प्रार्थना करत होते. वाटलं, चमत्कार झाला तर सांगायची वेळच येणार नाही."

"प्रार्थना माझ्या कुशीसाठी चालली होती."

"देवाला कळतंच की."

त्याचा ह्यावर खरोखर विश्वास होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तो लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. तो डोळे मिटून मनापासून रडायचा, मनापासून थर्मामीटर झटकायचा. रोज सकाळी माझ्या अंगाचा आकडा सुवाच्य अक्षरात लिहिताना हा माणूस चमत्काराची वाट बघत होता. आणि चमत्कार होईपर्यंत दोष माझ्याकडे राहिला तर त्याला चालत होतं.

मी त्या दिवशी चार किलो मटार एकटीने सोलला. तो उठून गेला होता. पुलाव मी केला आणि पाठवूनही दिला, पण जेवायला गेले नाही.

आंटींकडे मात्र मी दुसऱ्याच दिवशी गेले. त्यांनी काही नाकारलं नाही. अंकलना पहिल्याच महिन्यात कळलं होतं आणि त्यांनी आंटींना सांगितलं होतं. म्हणजे इथलं इथेच हा नियम चालवणाऱ्यांना लागू नव्हता.

"तुम्ही माझ्या पोटावर हात ठेवत होता, आंटी," मी म्हणाले. "पाच वर्षं."

"बेटा, ते सांगायचं काम त्याचं होतं, माझं नव्हतं. आणि तुला कळलं असतं तर तू त्याला सोडलं असतंस. आम्ही तुमचा संसार वाचवला."

"माझे तक्ते कशाला तपासत होता?"

आंटी उठल्या. केक आणते म्हणून आत गेल्या. मी केकची वाट बघितली नाही.

फादर जास्त सौम्यपणे बोलले. कन्फेशनमधलं ते सांगू शकत नव्हते, पण त्याने बाहेरही त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी त्याला अनेकदा सांगितलं होतं म्हणे, की बायकोला सांग. तो दरवेळी हो म्हणायचा. पुरुषाची ती तपासणी चर्चच्या नियमात बसवून करायची रीतही असते, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. पहिल्या वेळी त्याला हे का नाही सांगितलं, असं मी विचारलं. फादर म्हणाले, "त्याने तपासणी केलीच होती, मग सांगून काय उपयोग." ह्यात मी कुठेच नव्हते. सगळ्यांनी आपापले हात धुऊन घेतले होते आणि सगळ्यांची सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ होती. मळलेली मी एकटीच राहिले.

नवऱ्याला मी सोडलं नाही. लोकांना ह्याचं आश्चर्य वाटतं, म्हणजे ज्या दोघी-तिघींना माहीत आहे त्यांना. आमच्यात लग्न मोडत नाही हे एक कारण. पण खरं कारण वेगळं होतं. मला मूल हवं होतं, आणि आता ते फक्त दत्तक मिळणार होतं, आणि लग्न झालेल्या बाईला त्यासाठी नवरा लागत होता. इतका सरळ हिशेब मी आयुष्यात पहिल्यांदाच केला. ग्रुप सोडला, तक्त्यांची फाइल रद्दीत घातली आणि दत्तक देणाऱ्या एका संस्थेतून अर्ज आणला. तो सही करत गेला. त्या वर्षात मी म्हणेन ते तो करायचा.

वाट बघण्यात वर्ष-दीड वर्ष गेलं. मग संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखती दोघांच्या वेगवेगळ्या होतात हे मी चौकशी करून ठेवलं होतं. म्हणून आदल्या आठवड्यात मी त्याला समोर बसवून नीट समजावलं. मूल का झालं नाही असं विचारलं तर रिपोर्टचं खरं सांगा. पण मला ते कधी कळलं, कसं कळलं, हे काढू नका. पहिल्यापासून दोघांना माहीत होतं असं म्हणू. ज्या घरात नवरा-बायकोत अशी गोष्ट झाली आहे तिथे ते बाळ देणार नाहीत.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

आमचा उपासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचा. त्या शनिवारी तो कन्फेशनला गेला. मी काही मनावर घेतलं नाही, दरवर्षीच जायचा.

सोमवारी आम्ही संस्थेत गेलो. आधी त्याला आत बोलावलं. तो अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, सुटला बिचारा. मग मी गेले. समाजसेविका चाळिशीच्या, सुती साडीतल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी माझं बालपण विचारलं, शाळा विचारली. क्षयाचंही विचारलं. मी सगळं न अडखळता सांगितलं. मला त्या आवडल्या. मला वाटलं, मीही त्यांना आवडले.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघांत एकमेकांपासून लपवून ठेवलेली अशी काही मोठी गोष्ट घडली आहे का? आत्ता नाही, पूर्वी कधी?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मूल न होण्याचं कारण तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो. पहिल्यापासून. आमच्यात काही लपवाछपवी नसते."

त्यांनी मला तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिलं, हसूनसुद्धा. आता मला कळतं की त्या मला संधी देत होत्या. तेव्हा मला वाटलं, ह्यांना खात्री करून घ्यायची आहे.

परत येताना मी स्कूटरवर त्याच्या मागे बसले होते. डेक्कनला सिग्नलवर थांबलो तेव्हा तो मान अर्धी वळवून म्हणाला, "मी बाईंना सगळं सांगून टाकलं. फादर म्हणाले होते, आता तरी खरं बोल. फार हलकं वाटतंय मला."

मी त्याला काय सांगितलंत म्हणून विचारलंसुद्धा नाही. मागच्या सीटवरून मला त्याची मान दिसत होती, नुकते केस कापलेली. ती मान पकडून मागे ओढावी असं मला वाटलं. पाच वर्षं रोज सकाळी माझ्या शेजारी पडून ह्याला खरं बोलता आलं नाही, आणि एका परक्या बाईपुढे, ज्या एका दिवसासाठी मी गप्प राहा म्हणून सांगितलं होतं नेमकं त्याच दिवशी, बोलता आलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भाषा चांगली होती. पतीने प्रांजळपणे दिलेली माहिती आणि पत्नीने दिलेली माहिती ह्यांत तफावत आढळते, उभयतांनी समुपदेशन घ्यावं आणि एका वर्षाने पुन्हा अर्ज करावा. एका वर्षाने आमच्या दोघांच्या वयाची बेरीज तान्ह्या बाळाच्या नियमात बसणार नव्हती. मोठं मूल मिळालं असतं. पण त्याच्याबरोबर पुन्हा त्या दारात बसायची ताकद माझ्यात नव्हती. ते पत्र मी त्याच्याकडे वाचायला दिलं आणि शाळेत निघून गेले. त्या दिवशी तिसरीच्या वर्गाला मी उगाचच खूप बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. रविवारी एकत्र मिस्सेला जातो आणि लोक आम्हाला आदर्श जोडपं समजतात. तो आता पुष्कळ खरं बोलतो. त्याला त्याची सवयच लागली आहे. संस्थेचा विषय आमच्यात सहसा निघत नाही, पण वर्षातून एखाद्या वेळी, टीव्हीवर कोणी दत्तक मुलाचं काही दाखवलं की निघतोच. आवाज न चढवता, समजावणीच्या सुरात तो तेच म्हणतो, "त्या बाईंनी तुला दोनदा विचारलं होतं. तू खरं सांगितलं असतंस तर आज आपल्याला मूल असतं."

आणि तो बरोबर बोलतो आहे, ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.